आठव्या प्रकरणाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, धंदा कपड्यांची दुरुस्ती आणि अलीकडे एका पुस्तकाची, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चहा पिऊन, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवते. दबाव आणणारी व्यक्ती सध्या स्वयंपाकघरात आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टर माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. ते म्हणतात, काळजीचं कारण नाही. मीही जन्मभर गिऱ्हाइकांना ‘कापड आटणार नाही’ असंच सांगत आले, म्हणून ही तजवीज.

कलम १. राहतं घर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि खाली रस्त्याकडचं दुकान, लेकीला. दमट हवेत मागची खिडकी फुगते. तिला शिव्या न देता वर उचलून ओढावी. बँकेत जे असेल तेही तिचंच. फार नाही. बरंचसं आम्ही फिरून उडवलं आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

कलम २. शिलाई मशीन समोरच्या लाँड्रीवालीला. मोठी कात्री मात्र लेकीनेच ठेवावी. ती कोणी कागदाला लावली तर मी असेन तिथून उठून येईन.

कलम ३. धाकट्या दिरांना माझी प्रवासी बॅग, चाकांसकट. मी पुस्तक लिहितेय हे कळल्यावर ते म्हणाले होते, “वहिनी, प्रवासवर्णन? अहो, तुम्हाला बस लागते. निम्मा प्रवास तर तुम्ही डोळे मिटून केलात.” खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. ते स्वतः नाक्यापलीकडे गेलेले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाने एकदा तरी ही बॅग स्टेशनपर्यंत ओढून न्यावी. एक चाक करकरतं, लोक वळून बघतात.

कलम ४. आता पुस्तक. काही वर्षांपूर्वी मी आणि वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, सव्वा महिना फिरून आलो. बसने, रेल्वेने आणि शेवटी बोटीने. वन्सं गणिताच्या शिक्षिका होत्या. लग्न केलं नाही. त्यांचा भाऊ, म्हणजे माझे यजमान गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या आणि तेव्हापासून माझ्या चुका काढतात. वयाने धाकट्या, पण मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या मला वहिनी म्हणून एकेरीत दामटतात.

पहिला खर्डा मी झपाट्याने लिहिला. कोणती गाडी किती वाजता सुटली, कुठल्या उशा कडक होत्या, सगळं होतं त्यात. प्रकाशकांनी तो परत पाठवला. “बाई, हे वेळापत्रक झालं. प्रवास कुठे आहे?” दोन दिवस मी त्यांच्या नावाने बोटं मोडली, मग उसवायला बसले. जुना कपडा उसवताना आधीच्या शिंप्याने कुठे घाई केली ते कळतं. इथे शिंपी मीच, त्यामुळे शिव्याही घालता येईनात. शेजारी वन्सं पेन्सिल घेऊन. समासात त्यांचे शेरे: ‘डोंगर इतका उंच नव्हता.’ ‘हे तू म्हणाली नव्हतीस, मनात म्हणालीस.’ ‘खोटं.’ ‘खोटं.’ ‘खरं आहे, पण सांगायची गरज?’ त्यांच्यामुळे पुस्तक निम्मं झालं आणि दुप्पट चांगलं झालं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, इथे म्हणते.

कलम ५. घोडं अडलं ते आठव्या प्रकरणात. भर समुद्रात बोटीचं इंजिन बंद पडलं. बोट अशी हेलकावायला लागली की मोठी माणसं रडायला लागली, आणि त्यांना बघून लहान मुलं. मी बादली धरून बसले होते. तेव्हा वन्सं शाल खोचून उठल्या, खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि गायला लागल्या. ज्या बाईला मी घरात कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं, त्या! लहानपणी माझ्या सासऱ्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, हिचा आवाज म्हणजे फुटकं मडकं. त्यानंतर वन्संनी आवाज चढवला तो फक्त पाढे म्हणून घ्यायला. बोट हळूहळू गप्प झाली. दोन गाणी झाली, इंजिन सुरू झालं, आणि घरी आल्यावर आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी मात्र लिहिलं.

प्रकाशक म्हणाले, “हे प्रकरण म्हणजेच पुस्तक. हे नसेल तर मी छापणार नाही.”

वन्सं म्हणाल्या, “काढ ते.”

“अहो पण का? सगळी बोट जीव मुठीत धरून ऐकत होती.”

“बोटीत अनोळखी माणसं होती, वहिनी. पुस्तक ओळखीची वाचतील.”

 तेव्हापासून हस्तलिखित कपाटात आहे आणि आम्ही फक्त माझ्या गोळ्यांबद्दल बोलतो.

कलम ६. म्हणून हस्तलिखित आणि त्याचे सर्व हक्क मी वन्संना देते. आठवं प्रकरण ठेवायचं, कापायचं की चुलीत घालायचं, ते त्यांनी ठरवावं. अक्षर माझं असलं तरी आवाज त्यांचा आहे. पुस्तक निघावं असं मला फार वाटतं. या वयात पहिलं पुस्तक, हावरटासारखं वाटतं म्हणा ना. पण वन्संच्या मनाविरुद्ध नको.

कलम ७. यात वकीलबाईंनी एक पाचर मारली. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली तर त्याचा वाटा बुडतो. आणि वन्संनी तर आधीच जाहीर केलंय, “साक्षीदार मीच. तू काय लिहिशील नेम नाही.” म्हणून खालच्या मजल्यावरचे घड्याळजी आणि वकीलबाईंचे कारकून, अशा दोघांना बोलावलं आहे. वन्संनी नुसतं वाचावं, हवी तर पेन्सिल घ्यावी. त्यांनी सही केलीच तर त्यांचा हक्क संपेल, हस्तलिखित लेकीकडे जाईल आणि ती ते आठव्या प्रकरणासकट प्रकाशकांना देईल. हे त्यांना अडकवायला लिहिलेलं नाही, नंतर ‘मला कोणी सांगितलं नाही’ असं व्हायला नको म्हणून लिहिलं आहे.

आणि वन्सं, सासरे त्या बोटीत नव्हते. मी होते. मडकं कुठेही फुटलेलं नव्हतं.

स्थळ: राहत्या घरातलं जेवणाचं टेबल
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा शनिवार, सकाळी

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला: घड्याळजी, खालचा मजला (सही, चष्मा वर आणायला विसरल्याने तिरकी)

साक्षीदार दुसरा: वकीलबाईंचे कारकून (हे नाव खोडलेलं, त्याखाली, पेन्सिलीने नव्हे, शाईने)

लिहून ठेवणारीची नणंद, निवृत्त शिक्षिका (सही)
कलम ७ वाचून, समजून सही केली आहे. कलम ५ मध्ये चूक आहे. गाणी दोन नव्हे, तीन झाली. तिसऱ्याच्या वेळी वहिनीचं डोकं बादलीत होतं. पुस्तकातही दुरुस्त करावं.