सव्वा किलोवर सांभार

बाबा, आज नवा लॅपटॉप घेतला आणि दुकानातून बाहेर पडल्याबरोबर तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही घेतलं की आधी तुम्हालाच दाखवायची सवय जात नाही.

तो पहिला आठवतो का? पुण्याला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. चंदेरी, वहीसारखा पातळ, ऑफिसात तसा कोणाकडेच नव्हता. दिवसा त्यावर काम, संध्याकाळी सिनेमा, आणि बॅगेत ठेवला की आहे की नाही ते चाचपून पाहावं लागे. महाग होता, पण माझ्या पगारातला होता, म्हणून मिरवायला थेट गावी, अल्लीपूरला घेऊन आले. तुम्ही खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसले, लॅपटॉप तळहातावर घेतला आणि बाजारात फुलकोबी तोलायचात तसा दोनदा वरखाली केला. तुमचा चेहराच पडला. "हलका हाय व पोरी. फसवलं तुले."

कोबी असो की टरबूज, हलकं ते आतून पोकळ, ही तुमची जन्माची पारख. पण मला लागलं ते दुसरंच. मला पुण्याला पाठवलं तेव्हा बाजारातले लोक म्हणत, एकटी पोरगी, कोणीबी फसवील, आणि तुम्ही ठासून सांगितलं होतं, "माही पोरगी नाई फसत." तुमचा तो शब्द मला खाली पडू द्यायचा नव्हता. मी तावातावाने म्हटलं, "बाबा, याच्यात हलकं असण्याचेच पैसे जास्त लागतात!" तुम्ही आईकडे पाहिलं. "मले काऊन पाहून राह्यले? तिलेच इचारा," आई म्हणाली. मग मी सिनेमा लावला. तुम्ही पडद्यामागे हात घालून पाहिला, आणि सिनेमा संपेपर्यंत समोर मांडी घालून बसलात.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बाजाराला निघताना म्हणालात, "तूबी चाल. ते मशीन घेजो सोबत." अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही पारड्यातली वांगी उतरवता, दुपट्टा अंथरून त्यावर लॅपटॉप ठेवता. आजूबाजूचे भाजीवाले गोळा होतात. आधी किलोचं माप, मग पाव किलोचं, काटा मधोमध येतो. "सव्वा किलो!" तुम्ही ओरडता. "याच्यात हापिस हाय अन् टाकीजबी हाय. जितकं हलकं तितकं भारी! माह्या पोरीनं पारखून आणलं." आणि तोल झाला की गिऱ्हाइकाला वरून सांभार टाकायची तुमच्या हाताची सवय, तो हात टोपलीकडे जातो आणि मूठभर ओला, हिरवागार सांभार त्या चंदेरी झाकणावर पडतो. मी ओढणी घेऊन धावते, सगळा बाजार हसतो, सगळ्यांत जास्त तुम्ही. मला पदवी मिळाली तेव्हाही तुम्ही एवढे फुलला नव्हतात. मीही त्या दिवशी बाजारातून ताठ मानेनं चालले.

आजचा त्याहून हलका आहे. दुकानदाराने हातात दिला तेव्हा मी दोनदा वरखाली केला. तो बघतच राहिला. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून काय?" तो म्हणाला, "मॅडम, बॅग फ्री आहे." मी बॅग घेतली, आभार मानले. पुण्यात सांभार म्हटलं की लोक इडलीसोबतचं समजतात, कोथिंबीर म्हणावं लागतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते बाबा, मला सांभारच हवा होता.