नाव घातलं नव्हतं

१ फेब्रु., रविवार
वीस वर्षांपूर्वी मी लिहायचे त्या वर्तमानपत्राच्या पुरवणीचे संपादक म्हणाले होते, "बाई, तुम्हाला वाईट पटकन वाटतं, खात्री करायचं मात्र राहून जातं." आज चिंचवडला वर्गात तेच आठवत बसले. पत्रकारितेसाठी संशोधन कसं करावं ते शिकायला चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर. सरांनी फळ्यावर लिहिलं: माणूस, कागद, दुसरी बाजू. तिन्ही असल्याशिवाय बातमी नाही.
माझा विषय ठरला. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या लताची बहीण, मंगल. चाकणला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर तिची दोन बोटं गेली. आता पॅकिंगला बसवलंय.

५ फेब्रु., गुरुवार
कंपनीला सुट्टी, म्हणून आज मंगलच्या खोलीवर. मूळची लातूरकडची. तीन वर्षं एकाच ठेकेदाराकडे, नवराही तिथंच. विम्याचं कार्ड बघितलं. कामावर लागल्याची तारीख आणि अपघाताची तारीख एकच. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. ती हसली.
"चूक कशाची, ताई? हितं बोट गेल्याबिगर कार्डच निघत न्हाई."
मग पत्र्याच्या डब्यातून गेटपास काढला. फोटोसकट, तीन वर्षांपूर्वीचा. कागद मिळाला! आनंद झाला. आणि त्या आनंदाची लाज.
"नाव तेवढं घालू नका."
नाही घालणार, म्हटलं.

१० फेब्रु.
दुसरी बाजू. कंपनीला ईमेल. प्रश्न नेमके हवेत, सर म्हणतात. नेमके विचारले: अमुक तारखेला जखमी झालेली कामगार त्याआधीपासून कामावर होती का? नाव कुठंही नाही. दोनदा तपासलं.

१४ फेब्रु.
ईमेलला उत्तर नाही. लता आली. कणीक मळता मळता म्हणाली, "मंगलला काल गेटवरूनच परत पाठवलं. साहेब म्हणाला, त्या दिवशी एकाच बाईची बोटं गेली होती."
एकाच. हे माझ्या डोक्यात कसं...
"तुम्ही नाव घातलंच नव्हतं म्हणा," लता म्हणाली.
पोळ्या झाकून ठेवल्या. खाववल्या नाहीत.

१५ फेब्रु., रविवार
सर: नाव झाकून छापलं तर कंपनी म्हणेल, अशी बाईच नाही. नाव, कार्ड, गेटपास, सगळं छापलं तर टिकेल.
आणि तिच्या नवऱ्याचं काम?
सर म्हणाले, "तिलाच विचारा. पण आधी स्वतःची चूक सांगा."

१६ फेब्रु.
चाकण. रस्ताभर ट्रॅफिक. परत फिरावं, असं दोनतीनदा मनात आलं. मंगल दारात पावट्याच्या शेंगा सोलत होती, राहिलेल्या बोटांनी, भराभर. ईमेल वाचून दाखवला. तारीख लिहायला नको होती, माझं चुकलं, म्हटलं.
"तुमी अजून शिकायलाव ना, ताई." रागानं नाही. "आता ह्यांचं काम तेवढं राहू द्या."
उत्तर त्यातच आलं होतं. तरी विचारलं. मंगल, तुझ्या नावानं, तुझ्या फोटोसकट छापू देशील?