रांगोळीपाशी काढलेले बूट

अतिक्रमण हटवायला आलेल्या साहेबांना,
यमुनाबाईचा नमस्कार.

मंगळवारी मार्केट यार्डाजवळच्या पुलाखालची आमची पालं तुम्ही काढलीत. त्याचं रडगाणं मी लिहीत नाही, मला रडायची सवय नाही. अकरा वर्षं मी तिथं राहिले, बाजारात कांदे निवडून दोन पोरी शिकवल्या, आणि पालापुढची रांगोळी एक दिवसही चुकली नाही.

"हे घर नाही, रस्त्यातला अडथळा आहे," असं तुम्ही कागदावरून वाचून दाखवलंत. मग आत कुणी राहिलंय का, ते बघायला वाकलात. आणि साहेब, रांगोळीपाशी थांबून तुम्ही बूट काढलेत. कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या माणसांनी पाल ओढायला घेतलं तेव्हा मी भांडी नंतर उचलली, आधी तुमचे बूट बाजूला नीट ठेवले. घरी आलेल्या माणसाच्या वहाणा सांभाळायच्या असतात.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कारण खाली नवा पत्ता लिहावा लागेल आणि तो तुम्हाला कळेल. तरी शोधत आलातच, तर इथंही रांगोळी आहे. बूट बाहेर काढून या.

घरची मालकीण,
यमुनाबाई उत्तरेश्वर घोलप