विहिरीकडचं वावर

सोमवार, दिवेलागणी

खामगावाहून दाढ काढून आली. जबडा अजून बधिर हाये, अन् जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते.

नातीचा, मनीचा, दातांच्या डाक्टरीले नंबर लागला. मी पेढा हातात घेऊन बसली, चावता येत नाही. खुशी हाये, पण तीही जबड्यासारखीच, कळून नाही राह्यली.

कॉलेज खाजगी. पुऱ्या फीसाठी बँक दोन्ही वावरं गहाण मागते, अन् वावरं माह्या नावावर. पोरगा गजानन म्हणे, "आई, सही करून टाक. शिक्षण झाल्यावरच फेडाचं हाये." बीटीचं बियाणं देणाराही असंच म्हणे, कापूस आल्यावर द्या. कापसाआधी अळी आली, पोरगा विसरला काय?

दाढ काढणाऱ्या डाक्टरीणबाईले मी इचारलंच, "तुमचं कर्ज फिटलं का हो?" ती हसली. "आजी, दवाखाना भाड्याचा, ही खुर्ची हप्त्याची. फेडून राह्यली."

घरी येऊन सांगून टाकलं. सडकेकडचं वावर बँकेले देते, विहिरीकडचं नाही. तेवढ्या कर्जात भागलं तर हे कॉलेज. नाही तर मनीनं सरकारीसाठी अजून एक वर्ष अभ्यास करावा.

गजानन ताटावरून उठला. मनी जवळ सरकली. मंग मोबाईलची बॅटरी लावून म्हणे, "आजी, आ कर."

"काऊन वं, आताच डाक्टरीण झाली का?"

"खड्डा पाहू दे. जीभ नको लावू तिथं."

नाही लावत म्हटलं. लिहिता लिहिता लावूनच राह्यली. बधिरपणा उतरला की दुखेल म्हणे. अजून उतरला नाही.