निकानोरच्या रक्ताचं वय

ओहांचा, ३ जून

चि. आबेलिनोस,
ताईचे भरघोस आशीर्वाद. वि. वि.

सान होसेच्या डॉक्टरीणबाई रक्तावरून शरीराचं खरं वय काढायला गावातल्या म्हाताऱ्यांचं रक्त घेऊन गेल्या होत्या, त्याचा निकाल आला. मी एक्क्याऐंशीची, पण शरीर म्हणे एकोणसत्तरचं! निकानोर बहात्तरचा. बारा वर्षं तो लग्नाचं विचारतोय आणि मी नऊ वर्षांनी मोठी म्हणून त्याला रोज कॉफी पाजून घरी धाडतेय. काल हो म्हणून टाकलं. तुला आठ्या घालायच्या तर खुशाल घाल, पण लग्नाला ये.

लोभ पुंतारेनासच्या उन्हात आटू देऊ नकोस.
तुझी ताई,
एर्मेलिंदा

पुंतारेनास, ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ्या कसल्या, हसून ठसका लागला. आता तू नवऱ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान! पण त्याचंही रक्त तपासून घे हो. घोडासुद्धा आपण दात बघून घेतो.

राग आला तरी माया असू दे.
तुझा,
आबेलिनो

ओहांचा, ४ जुलै

चि. आबेलिनोस,
आशीर्वाद देते, पण तुझ्या जिभेला काही हाड?

तुझं पत्र मी कौतुकानं निकानोरला वाचून दाखवलं. त्यानं लगेच रक्त दिलं. निकाल आला चौऱ्याऐंशी! त्या दिवसापासून गडी ओसरीवर फिरकेना. आता आपले दिवस भरले म्हणून खोगीर पुतण्याला देऊन टाकलं आणि निरोप पाठवला, की एर्मेलिंदाला दुसऱ्यांदा विधवा करायचं पाप माझ्या हातून होणार नाही. मी खूप रडले रे.

शेवटी त्याला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आमचं तेच रक्त पुन्हा तपासलं. तो एकाहत्तरचा, मी अठ्ठ्याहत्तरची! बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, की हजारो माणसांबद्दल यातून काही कळतं, एकट्यादुकट्याचा आकडा पाच-दहा वर्षं इकडेतिकडे व्हायचाच.

त्यात पाद्रीबाबांनी जन्मदाखला मागितला. तेव्हा निकानोर कबूल झाला, की बाप डोंगर उतरून नोंद करायला गेला तेव्हा पोरगं शेळ्या राखत होतं. त्या दिवसाचीच तारीख जन्म म्हणून लागली. म्हणजे बहात्तरही खरे नाहीत!

मग मी त्याला स्पष्ट सांगितलं, की विधवा राहणं मला जमतं. तू आला नाहीस ते अठरा दिवस मात्र जमले नाहीत. तो टोपी खुंटीला अडकवून म्हणाला, कॉफी टाक.

लग्न या शनिवारीच. सोमवारी डॉक्टरीणबाई वय मोजायचं नवं यंत्र आणतायत आणि यानं आत्ताच नाव नोंदवलंय.

लोभ घेऊन ये, सल्ले तिकडेच ठेव.
तुझी ताई,
एर्मेलिंदा