फिजीच्या वर्तुळातली मसूर

बाई, भूगोलाच्या खोलीतलं जुनं कपाट परवा हलवलं आणि त्याच्यामागून आमचा फिजीचा पुठ्ठा निघाला. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली; तुम्ही जिथे शिकवलंत तिथेच आता मी शिकवते. पुठ्ठ्यावर राखाडी जाळी धरली होती, डाळीचा भुगा झाला होता आणि त्यात किड्यांची वाळकी टरफलं चिकटली होती. शिपाईमामा नाकाला रुमाल लावून म्हणाले, ‘‘मॅडम, फेकून देतो ना. लई घाण वास मारतोय.’’ मी नको म्हणाले. मला शिसारी आली होती, पण ती त्या किड्यांची नव्हती. किड्यांनी निदान सगळी धान्यं सारखीच खाल्ली होती.

नववीच्या प्रदर्शनासाठी पॅसिफिकमधल्या या बेटांची लोकसंख्या तुम्ही आम्हा दोघींना दिलीत. माझी जोडीदारीण सिल्लोडची, इथे खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून शिकणारी; तिच्या घरात दखनी उर्दू बोलत, आणि तरीही मराठीच्या निबंधात वर्गात पहिला नंबर असलेल्या माझ्याही ती कधीकधी पुढे जाई. वर्गात मला कुणाशी बोलायला जमत नसे, तिच्याशी जमे. तुमच्या बजाजनगरच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी फरशीवर बसलो आहोत, तुम्ही मैद्याची खळ शिजवताय. खळीत मोरचूद घालायला तुम्ही नकार देता, ‘‘पोरींच्या हाताला विष नको.’’ पुढे किडे पडले ते तुमच्या त्या मायेमुळेच. पुठ्ठ्यावर दोन वर्तुळं होती. एक वंशाचं: मूळ फिजीवासीयांना मूग, उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून बोटींतून नेलेल्या आपल्या लोकांच्या वंशजांना हरभरा, बाकीच्यांना मोहरी. दुसरं धर्माचं: ख्रिश्चनांना ज्वारी, हिंदूंना तुरीची डाळ, मुसलमानांना मसूर, शीख आणि इतरांना तीळ. कोनमापक लावून पेन्सिलीच्या रेषा तिने आखल्या. अर्ध्याहून जास्त वर्तुळ ज्वारीने भरलं, तुरीला पाव भागाहून थोडं जास्त मिळालं आणि मसुरीला बोटभर पाचर. ती डाळ चिकटवता चिकटवता म्हणाली, ‘‘बाई, हरभरा एवढा आणि तूर कमी, असं का?’’ मग तिचं तिलाच उमगलं. हरभऱ्यात हिंदू, मुसलमान, शीख सगळेच होते; थोडे ख्रिश्चनही. तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारलीत. ते मला झोंबलं होतं.

तुम्ही किती कडक होतात हे मी विसरलेले नाही. आठवीत मी गोदावरी काढली आणि पैठण नदीच्या दक्षिण काठावर दाखवलं. तुम्ही पूर्ण तास मला उभं केलंत. ‘‘नकाशात गाव हलवायचं नसतं गं. तिथं माणसं राहतात.’’ मान खाली घालून उभी असतानाही मला वाटत होतं की एवढं खरं बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

म्हणूनच प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची दुपार मला आजही पचत नाही. संस्थेचे ते पदाधिकारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, पाहणीला आले. आमच्या पुठ्ठ्यापुढे थांबून त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. ‘‘बाई, तिकडं निम्मी आपली माणसं आहेत म्हणत्यात. मग तूर एवढीशीच?’’ तुम्ही काही बोलण्याआधी माझी जोडीदारीण बोलली, ‘‘भाऊ, तिकडं गेलेले सगळेच हिंदू नव्हते. आमचेपण होते.’’ ते हसले. ‘‘तू कुठली गं?’’ ‘‘सिल्लोडची.’’ ‘‘तसं नाय. कुठली म्हंजे कुणाची?’’ तिने नाव सांगितलं. ‘‘व्हय, तरीच,’’ असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात फिरवला. तो पानाने लाल झालेला हात मला अजून दिसतो. मग तुमच्याकडे वळून म्हणाले, ‘‘बेट कुठं का असंना, बघणारे इथले आहेत. जरा बरं दिसंल असं करा.’’ मला वाटलं, आता तुम्ही पैठण सांगाल. तुम्ही पदर सावरून ‘‘हो भाऊ’’ म्हणालात. शाळा सुटल्यावर मला एकटीला थांबवलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘‘तूर थोडी वाढव. तुला समजतं सगळं.’’

मी नखाने दाणे उपटले. खळ ओली करून खरवडली, नखांत आंबूस लगदा भरला, आणि रेषेपलीकडे तूर लावली. सकाळी ती आली, वर्तुळापुढे उभी राहिली. मसुरीची पाचर आता काडीएवढी उरली होती. ‘‘काय गं पहिला नंबर, आमची माणसं कुठं गेली? बोटीतून उतरवली व्हय?’’ मी म्हणाले, ‘‘बाईंनी सांगितलं.’’ तिने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पालकांना रांगेत उभं करत होतात. ती दिवसभर पुठ्ठ्याजवळ आली नाही. पहिलं बक्षीस भाऊंच्या हातून मी एकटीने घेतलं. दहावीला ती सिल्लोडच्या शाळेत निघून गेली. बक्षिसातल्या ॲटलासवर तुमची सही आहे, आणि अजून मी तोच वर्गात नेते. नेताना प्रत्येक वेळी हात धुवावेसे वाटतात.

इतकी वर्षं मी तुमचा तिटकारा जपला. अध्यापक खोलीत कुणी नव्या मुलीचं आडनाव विचारून पुढे ‘म्हणजे कोण?’ विचारलं की मला तुमचं ‘‘हो भाऊ’’ ऐकू येतं आणि चहा कडू लागतो. हे पत्रही तुम्हाला जाब विचारायला घेतलं होतं. पण काल पुठ्ठा झटकला, तूर भुगा होऊन गळली आणि तिने आखलेली पेन्सिलीची रेषा खालून जशीच्या तशी वर आली. तुरीच्या एका बाजूला मसूर होती, दुसऱ्या बाजूला ज्वारी. ज्वारीतून दोन बोटं काढली असती तरी भाऊंचं समाधान झालं असतं, उलट जास्तच झालं असतं. तुम्ही तूर वाढव म्हणालात, बाई. कुठून काढ, ते सांगितलं नव्हतं.

ज्वारी मी लावली होती, तीन संध्याकाळी, एकेक दाणा उभा करून. मसूर तिची होती.

हे खरं तर तिला लिहायला हवं. तिचा सिल्लोडचा पत्ता माझ्याकडे आहे, बरीच वर्षं आहे. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.