पोर्क चॉप आणि कालचा भात

४ एप्रिल

लसूण जळला. पुन्हा.

कढईत डोळे घालून उभा होतो, तरी जळला. कडा सोनेरी दिसेपर्यंत थांबलं की उशीर झालेलाच असतो. हे मीच आजवर हाताखालच्यांना ओरडून सांगत आलो. लसूण नाकानं बघायचा. कच्चा उग्र वास मोडून गोडसर सुटला की लगेच भात पडला पाहिजे. आता तो वासच येत नाही. हॉटेलात सांडलेल्या तेलावरून पाय घसरला, डोकं मागच्या पायरीवर आपटलं, टाके पडले, टाके निघाले. सगळं जागच्या जागी आलं. नाक तेवढं नाही. चेहऱ्यावर आहे, शोभेला.

चॉप दिसायला बरे होते. हिनं खाल्ले. "छान झालंय," म्हणाली. काळे झालेले लसणाचे तुकडे ताटाच्या कडेला सारलेले मी पाहिले. ताट तिनंच उचललं, घाईनं.

५ एप्रिल

डॉक्टर म्हणतात, वासाची नस तुटली असेल. परत जुळेल? "जुळतेही कधीकधी. जुळायला लागली तर आधी भलतेच वास येतील. वाट बघा." किती? "सांगता येत नाही." मग फी कसली घेता, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. ही शेजारी बसली होती.

जिभेला मीठ कळतं, आंबट, गोड, कडू कळतं. तेवढंच. मांस तोंडात टाकलं की खारवलेला पुठ्ठा. लोकांना वाटतं चव जिभेत असते. मलाही जन्मभर तसंच वाटायचं.

७ एप्रिल

मालकाचा फोन. आधी तब्येत, मग घरचे, मग हवापाणी. मी ओळखलं, गाडी कुठे चाललीय ते.

"तीस तारखेला ये. दुपारची गर्दी ओसरली की एक ताट करून दाखव. चॉप आणि फ्राइड राइस. तुझंच ताट आहे ते. जमलं तर शेगडी तुझी."

"आणि नाही जमलं तर?"

"अरे, तुला मी असा सोडीन का? काउंटरवर बस. ओळखीचा चेहरा आहे तुझा."

ओळखीचा चेहरा! म्हणजे मी दाराशी बसून बडीशेप वाटायची आणि आत माझ्या शेगडीवर दुसऱ्या कुणीतरी माझं ताट करायचं. त्यापेक्षा घरी बसलेलं परवडलं.

हिला सांगितलं. म्हणाली, "जमेल की. न जमायला काय झालं?" भांडी घासता घासता म्हणाली. पाठमोरी.

९ एप्रिल

ठरवलंय. रोज करायचं. घरच्या शेगडीवर, घरच्या कढईत. नाक नाही तर नाही. कान आहेत, बोटं आहेत, डोळे आहेत.

चॉपचं मला अवघड वाटत नाही. मीठ, मिरपूड, लसूण, सोया सॉस चोळून रात्रभर ठेवायचे. तवा तापला की आधी चरबीची कडा खाली धरून चॉप उभा करायचा, चरबी सुटली की मग आडवा. बोटानं दाबून शिजला की नाही ते कळतं. मग तो बाजूला निवांत पडू द्यायचा. सुटलेली चरबी कढईत घ्यायची आणि तिच्यातच भात परतायचा. तिथेच सगळी गंमत आहे आणि तिथेच माझं घोडं अडतंय.

भात कालचा हवा. ताज्या भाताचा लगदा होतो. शिजवून ताटात पसरायचा, फ्रीजमध्ये रात्रभर सुकवायचा, सकाळी दाणा न् दाणा सुटा. हॉटेलात त्यासाठी वेगळं कपाट होतं. इथे फ्रीज कंबरेएवढा, आणि आतला दिवा गेलेला.

खाटीक म्हणाला, "काय, घरीच हॉटेल काढलं की काय?" म्हटलं, हो, गिऱ्हाईक एकच आहे.

१२ एप्रिल

कालचाच शर्ट घालायला घेतला तर हिनं हातातून काढून घेतला. दुसरा दिला. मी काय समजायचं ते समजलो.

१४ एप्रिल

लेक आली होती. पहिला घास घेतला आणि, "बाबा, कडू लागतंय रे."

टेबलाखालून आईनं तिला पाय मारला. मला दिसला नाही, पण टेबल हललं. लगेच लेक म्हणाली, "तसं फार नाही. चालेल."

चालेल! आयुष्यभर "चालेल" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं ताट मी उचलून परत आत नेलं आणि नवीन करून दिलं. आज माझ्याच घरात मला चालवून घेतायत.

लेक गेल्यावर हिला म्हटलं, "तू तरी खरं सांगत जा. मला दुसरी जीभ नाही. तुझीच आहे."

"मी खरंच सांगते," म्हणाली.

भाषेतल्या म्हणीसुद्धा मेल्या सगळ्या नाकावरच. नाक मुरडू नको, नाकानं कांदे सोलू नको. आज दिवसभर एकेक आठवत बसलो होतो. दुसरा उद्योग काय?

१७ एप्रिल

थोडं सापडलं! लिहून ठेवतो.

लसूण बोलतो. तेलात पडला की आधी तडतडतो, पाणी जातं तसा आवाज बारीक होत जातो. मग मध्येच अगदी क्षणभर गप्प होतो. तोच क्षण. त्याच्यापुढे गेला की करपला. मी पंखा बंद केला, खिडकी लावली, हिला नळ बंद करायला सांगितलं. घामानं निथळत कान कढईजवळ नेला. भुवई जळायची राहिली.

लसूण करपला नाही. डोळ्यांना दिसत होतं, फिक्कट सोनेरी. अंडं फोडलं, भात टाकला, वरून पातीचा कांदा.

"छान झालंय," ही म्हणाली.

ती कालही तेच म्हणाली होती. काल करपलेला होता.

१८ एप्रिल

हॉटेलात पंखा बंद होत नाही. धूर ओढायचा मोठा पंखा डोक्यावर घरघरत असतो, भांडी आदळत असतात, ऑर्डरी ओरडत असतात. तिथे लसूण काय बोलणार आणि मी काय ऐकणार? हे काल का सुचलं नाही? मूर्ख आहे मी.

तीस तारखेला दुपारी शांत असतं, ठीक. मालकाला दाखवता येईल. पण दाखवून पुढे काय? एकदा फसवता येतं. रोज शंभर ताटं कशी फसवणार?

तरी करतोय.

२१ एप्रिल

उकाडा भयंकर. भिंतीला हात लावला तरी गरम. आज काही शिजवलं नाही, फक्त उद्याची तयारी. चॉप चोळून डब्यात घातले. भात मोठ्या ताटात पसरला, कारण ही म्हणत होती उद्या सगळं अगदी हॉटेलसारखं करू, दोघंच जेवू, नीट टेबल मांडून. ताट फ्रीजमध्ये जाईना. तिरकं करून सारलं, दार ढकललं.

तिला वाटतं मला उमेद यावी. कळतं मला.

२२ एप्रिल

आज मी माणूस झालो!

दिवसभर बाहेर कामं होती, संध्याकाळी शेगडीपाशी उभा राहिलो. चॉप बोटांना जरा बुळबुळीत लागले, सोया सॉस जास्त पडला असेल. पण रंग काय आला! कडा कुरकुरीत, मध्ये दाबला की बोट हळूच वर. लसूण गप्प झाला आणि त्याच क्षणी भात पडला. हात आपोआप चालत होते. मी शीळ घालत होतो म्हणे. ही दारात उभी राहून बघत होती. टेबलावर तिनं चांगली ताटं काढली होती.

मी तिला म्हटलं, "आज मालक असता ना, तर उठून मिठी मारली असती."

पहिला घास तिनं सावकाश चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. म्हणाली, "अहो, आजच्यासारखं कधीच झालं नव्हतं." आणि खाल्लं. सगळं. चॉप, भात, शीतही ठेवलं नाही. मी माझा चॉप अजून कापलाही नव्हता तर म्हणाली, "तुमचाही द्या ना मला." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या ताटातलं कधी मागितलं नाही तिनं. मी ताटच सरकवलं तिच्याकडे. तिनं तेही संपवलं. मी पाव खाल्ला आणि पोट भरलं माझं.

जमणार. तीस तारखेला जमणार.

२३ एप्रिल

हिला पहाटेपासून उलट्या.

२४ एप्रिल

हॉस्पिटल. सलाईन लावलंय. ओठ सुकलेत, डोळे आत गेलेत. बाधलं काहीतरी, म्हणतात. मला विचारलं, काय खाल्लं होतं? चॉप, म्हटलं. तुम्ही? मी नाही. माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं.

लेक घरी जाऊन कपडे घेऊन आली. बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "बाबा, फ्रीजचं दार लागलेलंच नव्हतं. उरलेल्या भाताच्या ताटाची कड अडकत होती. आत सगळं कोमट आहे. उरलेल्या मांसाचा डबा उघडला तर मला नाक दाबून बाहेर पळावं लागलं."

मी तिनं आणलेल्या कपड्यांच्या घड्या पुन्हा घालत बसलो.

"तुला नाही कळलं, ते समजू शकते," ती म्हणाली. "पण आईला?"

२५ एप्रिल

विचारलं. सलाईनकडे बघत विचारलं, तिच्याकडे बघवेना.

"तुला वास आला होता?"

"तुम्ही तव्यावर टाकलं तेव्हाच आला."

"मग?"

"तुम्ही शीळ घालत होतात."

एवढंच. मग, "मला वाटलं, शिजलंय, काही होणार नाही. तुम्हाला मात्र खाऊ द्यायचं नव्हतं."

माझा संताप झाला. आजारी बायकोवर संताप! नर्स आत डोकावून गेली. मी म्हटलं, अगं, तू मेली असतीस तर? मी माझ्या हातानं तुला वाढलं ते. तोंडावर सांगायचं ना, नासलंय, फेका! तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही परत कधी शेगडीपाशी गेला नसता."

खरं आहे. गेलो नसतो. जायलाच नको होतं.

आता मागचं सगळं एकेक करून आठवतंय. प्रत्येक "छान झालंय." त्यातलं एकही माझ्या उपयोगाचं नव्हतं. जी जीभ उसनी घेऊन मी मालकासमोर उभा राहणार होतो, ती माझ्या प्रेमापायी पहिल्या दिवसापासून खोटं बोलत होती. मला तिचा राग येतो आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. दोन्ही एकदम.

२७ एप्रिल

घरी आणलं. फ्रीज लेकीनं धुऊन ठेवलाय. घरात अजून वास आहे का? विचारलं नाही.

खिचडीपुरतासुद्धा गॅस पेटवायचं धाडस होत नाही. लेक करते.

२८ एप्रिल

हॉटेलात जाऊन आलो. तीस तारखेची वाट कशाला बघायची?

मालकाला सांगितलं, "नको. ज्याला नासकं मांस ओळखता येत नाही त्यानं लोकांना जेवू घालू नये."

तो "अरे, असं काय, विचार कर" वगैरे म्हणाला. पण त्याचे खांदे खाली आले. सुटला बिचारा. चहा मागवला, तोही स्पेशल. आत जाऊन माझ्या सुऱ्या घेऊन आलो, फडक्यात गुंडाळून. शेगडीवर नवा होता. चांगला माणूस आहे, मला बघून अदबीनं बाजूला झाला. त्याच्या कढईत लसूण पडला होता. मी कान दिला नाही. बाहेर पडलो.

घरी येऊन सुऱ्या माळ्यावर टाकल्या. ही पलंगावरून बघत होती. म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

"गप बस," म्हटलं. माझ्या आवाजात जीव नव्हता.

३० एप्रिल

दुपारभर झोपलो. झोप आली नाही.

१ मे

काउंटरचंही नाही म्हणून कळवलं. लेक म्हणते, बाबा, दुसरं काहीतरी कर. दुसरं काय येतं मला? सकाळी उठून दाढीसुद्धा करावीशी वाटत नाही. ही उठून हिंडू-फिरू लागली, एवढंच काय ते चांगलं. पण आम्ही जेवताना बोलत नाही. ती वाढते, मी खातो, आणि कसं झालंय हे कुणी कुणाला विचारत नाही.

३ मे

सकाळी ही स्वतः खाटकाकडे गेली, चॉप घेऊन आली, मला न विचारता तव्यावर टाकले. मी बाहेरच्या खोलीत पडून होतो. एकाएकी नासकं, कुजकं काहीतरी डोक्यात घुसलं. ओकारी आली. आत धावलो, ओरडलो, "पुन्हा? पुन्हा तेच करतेस? फेक ते, वास मारतंय!" ती घाबरून मागे सरली. चॉपवर वाकली, हुंगलं. म्हणाली, "ताजे आहेत हो. आत्ता माझ्यासमोर कापून दिले त्यानं." आणि मग हळूच, "तुम्हाला वास आला?"

लसूण हुंगला, तोही नासका. साबण, तोही. सगळ्या जगाला सडका वास येतोय. दाराबाहेर जाऊन ओकलो आणि परत आत आलो, तव्यावर नाक नेलं, परत बाहेर. ही रडत रडत माझी पाठ चोळत होती, आणि मी तिला सांगत होतो, गॅस बंद करू नकोस, थांब, अजून एकदा.